मॉड्यूलर स्मार्टफोनमधला बिघडलेला भाग ओळखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन उघडता येतो, भाग सुटा निघतो, नवा भाग मागवता येतो. हे सगळं इतकं सोपं झालंय की लोक आधी नवा भाग मागवतात आणि मग विचार करायला बसतात. माझ्या हाताखालून गेलेल्या ‘खराब’ भागांपैकी कितीतरी धडधाकट निघाले आहेत आणि दर वेळी मला तितकंच वाईट वाटलंय. म्हणून सतत विचारले जाणारे हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी मांडतोय. सगळ्या उत्तरांमागे आग्रह एकच आहे: भाग खराब आहे असं म्हणण्याआधी तो खराब असल्याचं सिद्ध करा.

मॉड्यूलर फोन नेमकं कशाला म्हणायचं?

हे नाव दोन वेगळ्या जातींच्या फोनांना पडलंय आणि बिघाड शोधताना आपला फोन कुठल्या जातीचा आहे हे आधी बघावं लागतं.

पहिली जात दुरुस्तीसाठी सुट्या केलेल्या फोनांची. ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीचा २०१५ सालचा फेअरफोन २ हे तिचं ठळक उदाहरण. त्याचा डिस्प्ले कुठलंही हत्यार न लावता खिट्ट्या सरकवून निघायचा आणि बाकीचे भाग साध्या स्क्रूंवर बसलेले असायचे. उपकरणं उघडून दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिट या कंपनीने त्याला दुरुस्तीच्या सोयीसाठी दहापैकी दहा गुण दिले होते. जर्मनीतले शिफ्टफोन याच वाटेवरचे.

दुसरी जात वरून जोडायच्या मॉड्यूलची, म्हणजे सुट्या तुकड्यांची. २०१६ सालच्या एलजी जी५ चा खालचा तुकडा बॅटरीसकट ओढून काढता यायचा. त्याच वर्षीच्या मोटो झेडच्या पाठीवर चुंबकाने मॉड्यूल चिकटायचं. गुगलचा प्रोजेक्ट आरा याच्याही पुढे जाऊन जवळजवळ सगळा फोनच ठोकळ्यांचा करणार होता, पण २०१६ मध्येच तो गुंडाळला गेला.

पहिल्या जातीत भाग क्वचितच काढला जातो, त्यामुळे बिघाड बहुतेक वेळा पडण्याने, ओलाव्याने किंवा बसवताना झालेल्या चुकीने येतो. दुसऱ्या जातीत भाग दिवसातून अनेकदा निघतो आणि बसतो. तिथे संपर्काच्या जागा झिजतात, मळतात, आणि संशयाची सुई आधी त्यांच्याकडे वळवावी लागते.

भाग सुटे होतात म्हटल्यावर बिघाड शोधणं सोपंच असणार ना?

अर्धं खरं आहे. चिकटवलेल्या फोनमध्ये जे तपासायला तासभर लागतो ते इथे दहा मिनिटांत होतं. पण जितके भाग सुटे तितके सांधे जास्त. साध्या फोनमध्ये जिथे सोल्डर केलेला पक्का जोड असतो, तिथे मॉड्यूलर फोनमध्ये स्प्रिंगची पिन किंवा दाबून बसवायचा कनेक्टर असतो. त्यामुळे ‘कॅमेरा चालत नाही’ या तक्रारीमागे तीन संशयित असतात: कॅमेरा, बोर्ड (फोनचं मुख्य सर्किट) आणि दोघांमधला सांधा. माझा नेहमीचा क्रम सांधा, मग भाग, आणि अगदी शेवटी बोर्ड असा असतो.

सुरुवात कुठून करायची?

कागदावरून. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी बिघाड कधी होतो, कधी होत नाही, हे लिहून काढा. फोन तापल्यावर होतो का? खिशातून काढल्यावर होतो का? चार्जिंग चालू असताना? एका कोपऱ्यावर अंगठ्याने दाबल्यावर? शेवटचं अपडेट कधी आलं, फोन शेवटचा कधी पडला, शेवटचा कधी उघडला?

दाबल्यावर किंवा पिळल्यासारखं केल्यावर बदलणारा बिघाड बहुतेक वेळा सांध्याचा असतो. तापल्यावर येणारा आणि थंड झाल्यावर जाणारा बिघाड भागाच्या किंवा बोर्डाच्या आतला असण्याची शक्यता जास्त. अपडेटनंतर त्याच दिवशी सुरू झालेल्या बिघाडासाठी फोन उघडण्याची घाई करू नये. आणि फोन उघडल्यानंतर लगेच सुरू झालेला नवा बिघाड आपण स्वतःच केलेला आहे असं धरून चालावं. कुठली तरी पट्टी, म्हणजे भाग बोर्डाला जोडणारी चपटी केबल, नीट बसलेली नसते.

याच वेळी फोनमधल्या फोटोंची आणि माहितीची प्रत काढून ठेवा. डिस्प्ले जेमतेम चालतोय तोवरच हे काम होतं, एकदा तो गेला की कुलूप उघडायलाही मार्ग उरत नाही.

बिघाड सॉफ्टवेअरचा आहे की भागाचा, हे कसं कळेल?

फोन सेफ मोडमध्ये चालू करा. तिथे आपण टाकलेली ॲप बंद असतात. त्रास थांबला तर दोषी एखादं ॲप आहे आणि फोन उघडायची गरजच नाही.

डिस्प्लेवर रेघा किंवा रंगाचे डाग दिसत असतील तर स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या उपकरणावर उघडून बघा. स्क्रीनशॉट फोनच्या मेमरीतल्या चित्रावरून बनतो, काचेवरून नाही. रेघा स्क्रीनशॉटमध्येही आल्या तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे सॉफ्टवेअर किंवा बोर्ड. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर डिस्प्ले किंवा त्याचा सांधा. एवढी सोपी आणि एवढी उपयोगी चाचणी मला दुसरी माहीत नाही. शिवाय फोन चालू होताना कंपनीचं चिन्ह येतं तेव्हाच रेघा दिसल्या, तर अँड्रॉइड अजून पूर्ण सुरूही झालेलं नसतं, त्यामुळे ॲपवरचा संशय तिथेच मिटतो.

फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून टाकणं, हा शेवटचा उपाय आहे. ज्या फोनची प्रत काढलेली नाही त्यावर तो करायला मी कधीच सांगत नाही.

कॅमेरा आणि माइक दोन्ही एकदम बंद पडले. दोन्ही भाग गेले का?

दोन भाग एकाच दिवशी मरण्याची शक्यता फार कमी. आधी स्विच बघा. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत कॅमेरा आणि माइक सगळ्या ॲपसाठी एकदम बंद करायची बटणं ठेवता येतात आणि ती चुकून दाबली जातात. पाइनफोनमध्ये तर मागच्या झाकणाखाली सहा बारीक स्विच आहेत. मोडेम, वायफाय, माइक, दोन्ही कॅमेरे आणि हेडफोन त्यांनी थेट वीजपातळीवर तोडता येतात. झाकण काढताना नख लागून एखादा स्विच सरकतो आणि माणूस नवा कॅमेरा शोधायला लागतो.

फोनमध्ये स्वतःची तपासणी असते का?

बऱ्याच फोनांत असते. कॉलच्या पटलावर एखादा संकेत टाकला की स्क्रीन, टच, स्पीकर, माइक, सेन्सर एकेक करून तपासणारं पान उघडतं. संकेत कंपनीगणिक वेगळा असतो. अनेक अँड्रॉइड फोनांत *#*#४६३६#*#* टाकल्यावर नेटवर्कची माहिती दिसते.

ही तपासणी जरूर करा, पण तिचा ‘पास’ हा अंतिम निकाल मानू नका. ती त्या क्षणापुरती असते. लूज कॉन्टॅक्ट असलेला भाग दहापैकी नऊ वेळा पास होतो. म्हणून मी तपासणी तीनदा करतो: फोन थंड असताना, अर्धा तास व्हिडिओ चालवून तो गरम झाल्यावर, आणि संशयित भागाच्या जागी बोटाने हलका दाब देत.

सांधा तपासायचा कसा?

फोन बंद करा, बॅटरी काढा किंवा तिचा कनेक्टर सोडवा, आणि मग चांगल्या उजेडात भिंग घेऊन बसा. डोळ्यांना जे दिसतं ते मल्टीमीटरच्या (व्होल्टेज आणि तारांचे जोड तपासायच्या यंत्राच्या) आधी दिसतं.

सुट्या फोनांत तीन प्रकारचे सांधे भेटतात. पहिला स्प्रिंगच्या पिनांचा. एका बाजूला वरखाली होणाऱ्या बारीक सोनेरी पिना आणि समोर सोनेरी चौकोन. फोन तिरका धरून पिनांच्या रांगेकडे आडव्या नजरेने बघा. सगळ्या पिना एका उंचीला हव्यात. एकदा एका डिस्प्लेची तक्रार होती की वरच्या पट्ट्यात टच चालत नाही. रांगेत एक पिन शेजारणीपेक्षा केसभर खाली बसली होती. लाकडी काडीच्या टोकाने एकेक पिन हळूच दाबून सोडली तेव्हा बाकीच्या टुणकन वर आल्या, ही मात्र रेंगाळत अर्धीच वर आली. तिच्या गळ्याशी कापडाचा एक धागा गुंडाळलेला होता, खिशातला. धागा निघाला, पिन सुटली, टच परत आला. त्या डिस्प्लेत काहीही बिघडलेलं नव्हतं.

दुसरा सांधा दाबून बसवायच्या कनेक्टरचा, ज्यात पट्टीच्या टोकाचा चौकोनी तुकडा बोर्डावरच्या खाचेत टक् असा बसतो. तो एका बाजूने उचललेला राहिला तरी फोन चालू होतो आणि नंतर विचित्र वागायला लागतो. बसवताना आधी जागेवर ठेवून बोटाने चाचपायचं, सरळ आला की दाबायचं. तिरकं दाबलं की खाचेतल्या पिना आडव्या होतात आणि मग काम बोर्डापर्यंत जातं.

तिसरा सांधा खटक्याचा. पातळ पट्टी आत सरकवून वरचं काळं झाकण खाली पाडायचं. पट्टीवरची रेघ खाचेच्या कडेला समांतर दिसली तरच ती सरळ बसलीय.

साफ करायचं ते ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने. ब्रश ओला असावा, ओथंबलेला नको. नंतर दहा मिनिटं वाळू द्यायचं. पॉलिश पेपर किंवा ब्लेड संपर्कावर कधीही चालवायचं नाही. त्यावरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. तो गेला की खालचा धातू काळवंडतो आणि बिघाड कायमचा घर करतो. खोडरबरही नको, त्याचे कण पिनांत अडकतात.

चांगला भाग घालून बघितला आणि फोन चालला. म्हणजे जुना भाग खराबच ना?

अजून नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुना भाग काढून नवा बसवताना आपण एकाच वेळी दोन गोष्टी करतो: भाग बदलतो आणि सांधा नव्याने बसवतो. फोन चालला तर श्रेय कोणाचं? हे कळण्यासाठी जुना भाग परत बसवून बघायचा. बिघाड परत आला तर भाग खरंच दोषी. जुना भागही चालायला लागला तर दोष सांध्याचा होता आणि नव्या भागाची गरज नव्हती. काढा, नवा घाला, बघा, जुना परत घाला, पुन्हा बघा. ही तिसरी पायरी जवळजवळ सगळे गाळतात, कारण फोन चालू झाल्याच्या आनंदात परत उघडायला कोणाचा हात उचलत नाही.

तसाच दुसरा फोन हाताशी असेल तर उलटी चाचणीही करा. संशयित भाग चांगल्या फोनमध्ये घाला. तिथेही बिघडला तर निकाल पक्का. तिथे मात्र चांगला चालला आणि आपल्या फोनमध्ये चांगला भागही चालेना, तर दोष बोर्डाकडे किंवा बोर्डाच्या बाजूच्या सांध्याकडे आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. फुगलेली बॅटरी, शॉर्ट असल्याचा संशय असलेला किंवा पाण्यात गेलेला भाग चांगल्या फोनमध्ये घालून बघू नका. एकाचे दोन फोन बिघडायचे.

आणि एका वेळी एकच भाग. डिस्प्ले आणि बॅटरी दोन्ही एकदम बदलून फोन चालला तर आपल्याला काहीच कळलेलं नसतं.

दुसरा फोन नाही, जास्तीचे भागही नाहीत. मग?

मग घालून बघण्याऐवजी काढून बघायचं. फोन चालू व्हायला बोर्ड, बॅटरी आणि पॉवर बटण एवढंच खरं लागतं. चित्र बघायला डिस्प्ले. कॅमेरे, स्पीकर वगैरे एकेक करून सोडवा आणि दर वेळी फोन चालू करून बघा. फोन अडखळत असेल आणि मागचा कॅमेरा सोडवताच सुरळीत चालायला लागला, तर माग सापडला. काही फोन एखादा भाग नसेल तर चालूच होत नाहीत, त्यामुळे आपल्या फोनची दुरुस्ती-पुस्तिका आधी वाचा.

शिवाय वळसा घालून तपासता येतं. माइकमधून आवाज जात नसेल तर हेडफोनचा माइक लावून बोला. तो चालला तर कॉलिंग ठीक आहे आणि संशय फोनच्या माइकवर. मग रेकॉर्डर लावून खालच्या भोकावर बोट हलकं घासा, नंतर वरच्या. ज्या भोकाची खरखर रेकॉर्डिंगमध्ये येत नाही तो माइक बंद आहे. फोनमध्ये बहुधा दोन तरी माइक असतात आणि कॉलला, व्हिडिओला, स्पीकरवर बोलताना वेगवेगळे वापरले जातात. म्हणूनच ‘कॉलवर ऐकू जात नाही पण व्हिडिओत आवाज येतो’ ही तक्रार ऐकली की माझं अर्धं काम झालेलं असतं.

एका भागाच्या बिघाडाने दुसराच भाग का बंद पडतो?

याची दोन कारणं असतात आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं म्हणजे एकाच मॉड्यूलमध्ये अनेक गोष्टी राहतात. फेअरफोन २ च्या वरच्या मॉड्यूलमध्ये पुढचा कॅमेरा, कानाशी धरायचा स्पीकर, हेडफोनचा जॅक आणि अंतर ओळखणारा सेन्सर एकत्र होते. खालच्या मॉड्यूलमध्ये माइक, मोठा स्पीकर, व्हायब्रेटर आणि चार्जिंगचा पोर्ट. म्हणून तक्रारींची यादी करून कोणती गोष्ट कुठल्या मॉड्यूलमध्ये आहे ते समोर मांडा. पुढचा कॅमेरा आणि कानाचा स्पीकर दोन्ही गेले असतील तर दोघांचं घर एकच, म्हणजे त्या मॉड्यूलचा सांधा. एकाच घरातली एक गोष्ट गेली आणि बाकी चालू असतील तर सांधा बहुतेक ठीक आहे, ती एक गोष्टच आतून गेली.

दुसरं म्हणजे बोर्डावरच्या सामाईक तारा. टच, सेन्सर, बॅटरीचं मापन असे अनेक छोटे घटक आय-टू-सी नावाच्या दोन तारांवर बोर्डाशी बोलतात आणि एकाच जोडीवर अनेक घटक असू शकतात. त्यातल्या एकाने तार खाली ओढून धरली की बाकीचे सगळे मुके होतात. अशा वेळी जो भाग सोडवल्यावर इतर जिवंत होतात, तो दोषी. नुसत्या लक्षणावरून भाग बदलत बसलात तर या प्रकारात हमखास चुकीचा भाग बदलला जातो.

एक फोन असाच माझ्याकडे आला होता. कॉल लागला की स्क्रीन काळी, ती कॉल संपेपर्यंत उठायची नाही. मालकाने नवा डिस्प्ले बसवला होता, तरी तेच. स्क्रीन काळी करणारा सेन्सर डिस्प्लेत नव्हताच, तो वरच्या मॉड्यूलमध्ये होता. भिंगाखाली त्याच्या खिडकीवर धुळीचा करडा पापुद्रा बसलेला दिसला, त्यामुळे फोनला सतत गाल जवळ असल्यासारखं वाटत होतं. ब्रशचे दोन फटकारे लागले. जुना डिस्प्ले तोवर टाकून दिलेला होता.

बॅटरी खराब आहे की चार्जिंग पोर्ट?

आधी केबल आणि चार्जर दुसरे लावून बघा. मग टाइप-सी केबल उलटी करून लावा. टाइप-सीच्या खाचेत दोन्ही बाजूंना पिना असतात. एका बाजूने लावल्यावर चार्ज होतं आणि उलट केल्यावर होत नाही, तर पोर्टची किंवा केबलची एक बाजू मळलेली किंवा तुटलेली आहे, बॅटरीचा त्यात संबंध नाही. टॉर्चच्या उजेडात पोर्टच्या तळाशी बघा. दाबून बसलेला धुळीचा बोळा असला की केबल पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून तो लाकडी काडीने काढा, सुईने नको.

चार्जिंग नीट होतं, पण २० किंवा ३० टक्क्यांवरून फोन अचानक बंद होतो आणि चार्जरला लावताच पुन्हा तेवढेच टक्के दाखवतो, तर हे थकलेल्या बॅटरीचं लक्षण. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडल्यासारख्या जोराच्या मागणीला तिचा व्होल्टेज एकदम खाली येतो आणि फोन स्वतःला बंद करतो. थंडीत हे जास्त जाणवतं. पण मळलेला बॅटरी-संपर्कही हेच लक्षण दाखवतो, म्हणून आधी संपर्क पुसा.

मल्टीमीटर असेल तर बॅटरी काढून तिच्या धन आणि ऋण टोकांवर व्होल्टेज मोजा. पूर्ण भरलेली फोनची बॅटरी साधारण ४.२ ते ४.४५ व्होल्ट दाखवते, प्रकारानुसार. ३ व्होल्टच्या आसपास म्हणजे ती उतरलेली आहे. शून्य दिसलं तर बहुधा तिच्या आतल्या संरक्षक सर्किटने वीज तोडलेली असते. बॅटरीच्या मधल्या टोकांवर तापमान सांगणाऱ्या घटकाची तार असू शकते. ती तुटली तर बॅटरी चांगली असूनही फोन ‘तापमान जास्त किंवा कमी’ असं सांगून चार्जिंग नाकारतो.

फुगलेल्या बॅटरीसाठी कुठलीही चाचणी करायची नाही. सपाट टेबलावर ठेवल्यावर ती भोवऱ्यासारखी फिरली किंवा मागचं झाकण उचलल्यासारखं दिसलं, की वापर तिथेच थांबवा. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. डिस्प्ले मधोमध उचलला गेला असेल किंवा दाब पडून त्यावर डाग दिसत असतील तरी आधी खालची बॅटरी बघा.

बॅटरी थकणं हा दोष मानावा का? युरोपीय संघाच्या नियमांनी याला एक माप दिलंय. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनच्या बॅटरीत ८०० चार्ज-चक्रांनंतर मूळच्या किमान ८० टक्के क्षमता उरलेली असावी लागते. त्याच्या खूप आधी दम तोडणारी बॅटरी खराब म्हणायला हरकत नाही.

फोन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो. कुठल्या भागावर संशय घ्यावा?

बॅटरीचा संपर्क पहिला. फोन तळहातावर हलका आपटून बघा. तेवढ्यानेच बंद झाला तर बॅटरी जागेवर घट्ट बसत नाहीये. दुसरा संशयित पॉवर बटण, आणि हा फार जणांच्या लक्षात येत नाही. बटण आत अडकून राहिलं की फोनला वाटतं कोणीतरी ते दाबून धरलंय आणि तो ठराविक सेकंदांनी स्वतःला पुन्हा सुरू करतो. दोन रीस्टार्टमधलं अंतर मोजा. ते दर वेळी अगदी सारखं असेल तर बटणाकडे बघा. अंतर अनियमित असेल तर बॅटरी, तापणं किंवा बोर्ड.

कॅमेरा हलवला की आत खुळखुळ वाजतं. तो तुटला का?

फोटो ठीक येत असतील तर नाही. हात हलल्याचा परिणाम कमी करणाऱ्या कॅमेऱ्यात भिंग तरंगतं असतं आणि वीज नसताना ते सैल असतं. फोटोत एकाच जागी येणारा डाग मात्र भिंगावरची किंवा आतली धूळ असते.

पाठीवर लागणारं मॉड्यूल फोन ओळखतच नाही. आता?

‘ओळखत नाही’ आणि ‘ओळखतो पण चालत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. अशा मॉड्यूलमध्ये स्वतःचं छोटं नियंत्रक सर्किट आणि स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे ते सर्किट चालवणारं सॉफ्टवेअर, असतं. जोडल्यावर ते फोनला आपण कोण आहोत, काय करू शकतो हे सांगतं. गुगलच्या प्रोजेक्ट आरासाठी लिहिलेल्या ग्रेबस या प्रोटोकॉलमध्ये (फोन आणि मॉड्यूल यांच्या संवादाच्या नियमांत) मॉड्यूल अशी एक ओळखयादीच पुढे करायचं.

जोडल्यावर काहीच हालचाल नाही, सूचनाही नाही, तर वीज किंवा संपर्क. मोटो झेडच्या पाठीवर १६ संपर्कबिंदू होते, त्यांवर बोटांचं तेल बसतं. दोन्ही बाजू पुसा, कव्हर काढा, मॉड्यूलला स्वतःची बॅटरी असेल तर ते आधी वेगळं चार्ज करा. नाव दिसलं पण काम होत नसेल, तर संपर्क बराचसा ठीक आहे. मग फर्मवेअरचं अपडेट, आणि त्यानंतरच मॉड्यूलचा दोष.

फोन ओला झाला होता, आता वाळलाय आणि चालतोयही. तपासायची गरज आहे?

आहे, आणि लवकर. पाणी वाळतं पण त्यातले क्षार उरतात, आणि वीज चालू असलेल्या पिनांवर हिरवट पांढरी बुरशीसारखी गंज धरते. मॉड्यूलर फोनचा मोठा फायदा इथे आहे. प्रत्येक भाग काढून त्याच्या संपर्कावर नजर टाकता येते. बऱ्याच फोनांत पाणी लागल्यावर लाल होणारी पांढरी चिकटपट्टी असते, ती शोधा. बिघाड महिन्याभराने दिसायला लागला तरी मूळ त्या दिवसात असू शकतं.

मल्टीमीटर घ्यावा का?

घ्या. साधा पुरतो. तारा जोडलेल्या आहेत का हे बीपने कळतं, बॅटरीचा व्होल्टेज कळतो, आणि बोर्डावरच्या बॅटरी-कनेक्टरच्या धन-ऋण टोकांत शॉर्ट आहे का हे डायोडच्या खुणेवर बघता येतं. बॅटरी काढलेली असतानाच. दोन्ही दिशांनी शून्याजवळ आकडा आला तर भाग एकेक करून सोडवा. ज्यानंतर आकडा सुधारतो तो भाग शॉर्ट आहे. सगळे सोडवूनही शून्यच राहिला तर शॉर्ट बोर्डावर आहे. बॅटरीवर मात्र बीपची किंवा रोधाची खूण कधी लावू नका.

नवा आणलेला भागच खराब असू शकतो का?

हो, आणि हे मनात ठेवूनच तो बसवावा. संरक्षक फिल्म काढण्याआधी, स्क्रू आवळण्याआधी भाग नुसता जोडून चालवून बघा. भागांच्या आवृत्त्याही बदलतात. फेअरफोन २ साठी २०१७ मध्ये जास्त क्षमतेचे कॅमेरे वेगळे मिळू लागले होते. असा बदललेला भाग लावताना फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत नसेल तर चांगला कॅमेराही मेल्यासारखा वाटतो.

काही कंपन्या भाग फोनशी क्रमांकाने बांधून ठेवतात आणि त्याच कंपनीचा अस्सल भागही दुसऱ्या फोनमध्ये घातला की इशारा येतो किंवा एखादी सोय बंद होते. अशा फोनवर अदलाबदलीची चाचणी खोटा निकाल देते. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन यामुळे हिरावलं जातं, याची मला खरोखर चीड येते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने अशा बांधणीला बंदी घालणारा कायदा केला, ही चांगली सुरुवात आहे.

कधी थांबायचं?

सांधे पुसले, भाग अदलाबदल करून बघितले, तरी लक्षण बोर्डालाच चिकटून आहे, तेव्हा. बोर्डावरची एखादी जागा बोट ठेवता येणार नाही इतकी तापत असेल तर लगेच. पुढचं काम सूक्ष्मदर्शक आणि हॉट एअरचं, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवणाऱ्या यंत्राचं, आहे. तोवर काय काय तपासलं हे लिहिलेला कागद दुरुस्ती करणाऱ्याला द्या. त्याचा निम्मा वेळ वाचतो आणि तो आधीच बदललेला भाग पुन्हा बदलत नाही.

काढलेल्या भागांचं काय करायचं?

प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी लावा: तारीख, लक्षण, आणि ‘खराब’, ‘चांगला’ किंवा ‘माहीत नाही’ यातला एक शब्द. ‘माहीत नाही’ लिहिलेला भाग चांगल्यांच्या डब्यात टाकू नका, नाहीतर पुढच्या वेळी त्याच्याशी तुलना करून चांगल्या भागाला खराब ठरवाल. डबा कोरडा असावा, संपर्क उघडे राहतील असे भाग एकावर एक रचू नयेत. खराब झालेल्या बॅटऱ्या या डब्यात ठेवायच्याच नाहीत. त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून त्या ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायच्या.